जावा आहे, पण कुठे आहे?

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवरच्या पुस्तकांत सुरुवातीलाच एक निरागस वाक्य असतं: ‘आपल्या संगणकावर जेडीके इन्स्टॉल करून घ्या.’ (जेडीके म्हणजे जावाची अवजारपेटी.) एवढं सांगून लेखक पुढच्या ओळीत व्हेरिएबलकडे वळतो. माझा मुक्काम मात्र त्याच वाक्यात पडला.

जेडीके डाउनलोड करणं, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जाणं, हे कुणालाही जमतं. मग कमांडच्या काळ्या खिडकीत ऐटीत ‘जावासी’ (लिहिलेला प्रोग्राम कंपाइल करणारी, म्हणजे जावाला चालवता येईल अशा रूपात बदलणारी कमांड) टाइप करावं, तर संगणक म्हणतो, असली कमांड माझ्या ओळखीची नाही. अरे, आत्ताच तर शेकडो एमबी गिळलेस ना!

“मामा, पाथमध्ये टाकलंस का?” भाच्याने फोनवर विचारलं.

पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. कमांड शोधायची ती यादीतच, क्रमाने, आणि पहिली सापडली की पुढे बघायचंही नाही, असा संगणकाचा खाक्या. यादीत नसलेलं त्याच्या लेखी जगातच नाही. बरं, यादी सुधारली तरी आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी उराशी धरून बसते. ती बंद करून नवी उघडायची. (हे तांबड्या अक्षरांत छापायला कुणाची हरकत होती?)

प्रोग्राम कंपाइल झाला. ‘जावा’ या कमांडने चालवायला गेलो, तर उत्तर आलं: ही फाइल ६५ ची आहे, मला ५२ पर्यंतच कळतं.

मी तर जावा २१ घेतलं होतं! भाच्याने शांतपणे हिशेब सांगितला. क्लास फाइलचा, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या फाइलचा, क्रमांक काढायचा तर आवृत्तीत ४४ मिळवायचे. म्हणजे ६५ हे २१, आणि ५२ हे ८. या ८ ला नाव विचारलं तर ते स्वतःला १.८ म्हणवतं. घरात बंड्या, शाळेत बळवंत आणि कागदोपत्री बी. के., असा एकूण प्रकार.

पण हे ८ आलं कुठून? कधीकाळी कुठल्याशा सॉफ्टवेअरसोबत जेआरई येऊन पाथमध्ये पहिला नंबर लावून बसलं होतं. जेआरईत प्रोग्राम चालवायची सोय असते, कंपाइल करायची नसते. त्यामुळे ‘जावासी’ नव्याचं सापडत होतं आणि ‘जावा’ जुन्याचं. लिहिणारा २१ चा, वाचणारा ८ चा!

“काढून टाक ते.”

“आणि ज्या सॉफ्टवेअरसाठी ते आलंय, त्याचं काय?”

“मग नवं वर सरकव.”

सरकवलं. जावा होम नावाचं आणखी एक प्रकरण निघालं, जावा कुठे आहे ते इतर प्रोग्रामांना सांगणारी नोंद. पाथला कमांड ठेवलेला बिन फोल्डर लागतो, जावा होमला बिनच्या बाहेरचा. का, ते विचारायचं त्राण उरलं नव्हतं.

शेवटी प्रोग्राम चालला. मी हौसेने मराठीत ‘नमस्कार’ छापायला सांगितलं होतं. पडद्यावर सात प्रश्नचिन्हं उमटली. अक्षरं मोजून बघितली, तर हलन्ताचं एक आणि कान्याचं एक धरून हिशेब चोख होता.

“कोड पेज, म्हणजे खिडकीचा अक्षरांचा तक्ता, ६५००१ कर,” भाचा म्हणाला.

“त्यात ४४ मिळवायचेत का?”