डेस्कटॉपवरची घंटागाडी

डेस्कटॉपवरच्या रीसायकल बिनला आमची आई पेला म्हणते. तिचं काही चुकत नाही. वर रुंद, खाली निमुळता, अर्धवट पारदर्शक असा तो डबा बघून कुणाला कचरा आठवेल? भिशीचा हिशेब, भजनी मंडळाची यादी, कैरीच्या लोणच्याची कृती, जे जे जपून ठेवायचं ते ती माउसने ओढत नेऊन त्या पेल्यात ठेवायची. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी टेबल रिकामं दिसलं पाहिजे, ही सवय अजून गेलेली नाही. ते रोज सातच्या बातम्यांआधी पेला रिकामा करायचे. भजनी मंडळाची यादी अशी दुसऱ्यांदा गेली आणि घरात असा काही अबोला सुरू झाला, की मी म्हटलं, ते चित्रच बदलून टाकू.

विंडोजमध्ये रस्ता तसा सरळ आहे. डेस्कटॉपवर माउसचं उजवं बटण दाबायचं, मग पर्सनलाइज, मग थीम्स, मग डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज. नव्या चकचकीत पानांच्या पोटातून एक जुन्या जमान्यातली राखाडी खिडकी बाहेर येते. तिच्यात धिस पीसी, आपल्या नावाचा फोल्डर, नेटवर्क, आणि डबा मात्र दोनदा. एक भरलेला, एक रिकामा. म्हणजे चित्रंही दोन हवीत. हे मी मोठ्याने बोललो आणि सगळं घर येऊन बसलं.

"डबा हिरवा की निळा?" आईने विचारलं. "ओला कचरा की सुका, ते आधी ठरवा."

"फाईल म्हणजे सुकाच," बाबा म्हणाले.

"आणि लोणच्याची रेसिपी?" ही आमची मुलगी.

बायकोने सूप आणि केरसुणी सुचवली. आई एकदम ताठ झाली. लक्ष्मीपूजनाला जिच्यावर हळदकुंकू वाहतो, तिला कचऱ्याची निशाणी करायची? केरसुणी बाद. तेवढ्यात खाली गाणं वाजवत घंटागाडी आली आणि प्रश्न सुटला. रिकाम्यासाठी बादली, भरलेल्यासाठी घंटागाडी. त्याच ओघात बाबांनी धिस पीसीवर गणपती बसवायची मागणी पुढे केली, कारण सुरुवात तिथूनच होते. उघडायचं म्हणजे देवाच्या पोटावर दोन टिचक्या मारायच्या, यावर आईचा आक्षेप होता. आधी नमस्कार करावा आणि मग टिचकी मारावी, यावर तडजोड झाली.

'चेंज आयकॉन' दाबलं की आतली तयार चित्रं दिसतात. इमेजरेस डीएलएल आणि शेल३२ डीएलएल या विंडोजच्या दोन फायलींत केवढा तरी संसार भरलाय. झाड, कुलूप, किल्ली, चांदणी, पृथ्वीचा गोल. घंटागाडी तेवढी नाही. बाहेरचं चित्र द्यायचं तर ते आयसीओ, म्हणजे खास आयकॉनसाठीच्या फाईलमध्ये लागतं, फोटोची जेपीजी चालत नाही. मुलीने फाईलचं आडनाव जेपीजीचं आयसीओ करून बघितलं. सिस्टीम फसली नाही.

आयसीओच्या एकाच फाईलमध्ये तेच चित्र अनेक मापांत बसवता येतं. एका बाजूला ठिपके 256, 48, 32, आणि शेवटी 16. हे सोळाचं माप फार क्रूर आहे. सोळा आडवे, सोळा उभे, एकूण ठिपके 256. एवढ्यात सोंड, सुपाएवढे कान, चार हात, मोदक आणि खाली उंदीर बसवून दाखवा. आमच्याकडे जे उमटलं तो शेंदरी बटाटा होता. घंटागाडीची घंटाही या मापात दिसेना, आणि घंटेशिवाय ती नुसता टेम्पो.

अशा वेळी सुझान केअर या बाईंपुढे हात जोडावेसे वाटतात. 1984 च्या ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन त्यांनी आलेखाच्या वहीत चौकोन भरून काढले. 32 बाय 32, तेही काळ्यापांढऱ्यात, आणि हसरा कॉम्प्युटर हसराच दिसतो! पुढे 1990 साली विंडोज 3.0 मधल्या सॉलिटेअरचे पत्तेही त्यांनीच काढले. बाबांच्या बँकेतल्या बऱ्याच दुपारी त्या पत्त्यांवर गेल्या आहेत, पण हा विषय ते पुढे जाऊ देत नाहीत.

मग आम्हीही त्याग केला. उंदीर गेला, मोदक गेला, हात गेले. सोंड आणि दोन डोळे राहिले. देव ओळखू यायला लागला.

गाडीचं मात्र वेगळंच. बाबांनी कचरा रिकामा केला तरी ती जागची हलेना. एफ5 दाबून पडदा ताजा केला की गुमान बादली व्हायची, पुन्हा काही टाकलं की बादली ती बादलीच. शेवटी भाच्याला फोन लावला. "मामा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, डिफॉल्ट आयकॉनमध्ये जा, आणि दोन्ही चित्रांच्या फाईलच्या पत्त्यांच्या शेवटी कॉमा झीरो टाक." म्हणजे या फाईलमधलं पहिलं चित्र, तिथे मोजणी शून्यापासून सुरू होते. फाईलमध्ये चित्र एकच असलं तरी ते शेपूट लागतं. टाकलं, आणि गाडी वेळेवर यायला-जायला लागली. रस्त्यावरच्या गाडीला हे कुठे लावायचं, असं बाबांनी विचारून ठेवलंय.

मग बायकोने हौसेने नवी थीम, म्हणजे पडद्याचं तयार रंगरूप, लावली आणि धिस पीसीवरचा गणपती नाहीसा झाला. त्याच राखाडी खिडकीत तळाशी एक बारीक चौकोन असतो: थीमला आयकॉन बदलू द्यायचे का? त्यात बरोबरची खूण आधीपासूनच असते.

"न विचारता विसर्जन?" आई.

"दीड दिवसाचा असेल," बाबा म्हणाले आणि पेपर वर धरला.

खूण काढली आणि देव पुन्हा बसवला. ही बातमी भजनी मंडळात पोहोचली असावी, कारण परवा शेजारच्या काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांना त्यांचा खंडोबा हवाय, घोड्यासकट, आणि भंडारा उधळलेला दिसला पाहिजे.

"काकू, ठिपके 256च मिळतात."

"मग निम्मे घोड्याला दे."