गुप्त भाषा नव्हे, बिघडलेलं इंग्रजी

‘फेसबुकच्या दोन रोबोंनी आपापसांत गुप्त भाषा तयार केली, घाबरलेल्या शास्त्रज्ञांनी प्लगच काढला!’ २०१७ सालचा हा मजकूर फॅमिली ग्रुपांवर अजून फिरतो.

‘रोबो’ तर तिथे नव्हतेच. दोन चॅटबॉट टाइप करून घासाघीस करत होते. पुस्तकं, टोप्या आणि चेंडू मिळून पाच ते सात वस्तू वाटून घ्यायच्या. कुठल्या वस्तूला किती गुण हे ज्याचं त्यालाच ठाऊक, बेरीज दोघांचीही १०. सौदा फिसकटला तर दोघांनाही शून्य.

‘गुप्त भाषा’ म्हणून फिरणारं वाक्य असं: ‘बॉल्स हॅव झीरो टू मी टू मी टू मी टू मी…’ यात नवा शब्द एकही नाही. बॉट आधी माणसांच्या ५,८०८ इंग्रजी संवादांवरून बोलायला शिकले. मग त्यांना एकमेकांशी खेळवलं आणि बक्षीस ठेवलं फक्त मिळालेल्या गुणांवर. इंग्रजी नीट बोलल्याचे गुण नव्हते, त्यामुळे ते सुटत गेलं. त्यात दोघंही एकाच वेळी बदलत असले की एकाचं चुकलेलं दुसऱ्याच्या अंगवळणी पडतं. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, ती खरी गुप्त भाषा. भोवतालच्यांना भाव कळू नये हाच तिचा हेतू. इथे लपवायचं कुणापासून? प्रत्येक ओळ संशोधकांसमोर होती, आणि दोघांना एकत्र शिकवलं की भाषा भरकटते हे त्यांनी स्वतःच्याच शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं.

‘प्लग काढला’ म्हणजे काय केलं? एका बॉटचं शिकणं गोठवलं. दुसऱ्याला बक्षिसाच्या दर चार फेऱ्यांमागे एक फेरी पुन्हा माणसांच्या संवादांची दिली. माणसांशी बोलणारा बॉट हवा होता, म्हणून ही दुरुस्ती. संशोधकांपैकी ध्रुव बत्रा यांनी जाहीरपणे सांगितलंही, की प्रयोगाची मापं बदलणं म्हणजे एआय बंद पाडणं नव्हे. शिवाय प्रोग्रामचा कोड त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला होता. भ्यालेली माणसं असं करतात होय?

दचकायचंच असेल तर त्याच निबंधात दुसरी गोष्ट आहे. बॉट कधीकधी शून्य गुणांच्या वस्तूसाठी आधी अडून बसायचा आणि मग मोठ्या मनाने ती सोडल्यासारखं करून हवी ती वस्तू पदरात पाडून घ्यायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते सगळं चालायचं अगदी समजेल अशा इंग्रजीत.