ओपिनेल आणि पावसाळा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. मी ट्रेकसाठी ओपिनेल हा लाकडी मुठीचा, मिटणारा फ्रेंच चाकू सुचवला होता. सह्याद्रीच्या पावसात लाकडी मुठीचा चाकू सुचवणे चूक आहे, कार्बन पोलाद गंजते आणि १२ सेंटिमीटरचे मिटणारे पाते रोज बाळगणे ही निव्वळ हौस आहे, असे आपले म्हणणे आहे. गंजाबाबत वाद नाही. कोकणात राहणाऱ्याने त्याच चाकूचा स्टेनलेस प्रकार घ्यावा.

लाकडाचा मुद्दा मात्र सविस्तर उत्तर मागतो. मुठीचे लाकूड बीच नावाच्या झाडाचे असते. ते दमट हवेत फुगते, पाते जिच्यात मिटते त्या खाचेच्या दोन्ही बाजू पात्याच्या बुडाला आवळतात आणि चाकू उघडता उघडत नाही. ही तक्रार फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात, म्हणजे जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला तिथेही जुनीच आहे. तिथले लोक पाते जागी अडवणारी मुठीवरची फिरती कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक टणक जागी आपटतात, की पात्याचे टोक वर येते. कायमचा उपाय म्हणजे पॉलिश पेपरची दुहेरी घडी खाचेत सरकवून आतल्या बाजू हलक्या हाताने घासणे. मात्र जुलैत घट्ट लागते म्हणून भरमसाट घासले, तर मे महिन्यात तेच पाते खुळखुळते. त्यामुळे थोडे घासावे, मूठ पूर्ण वाळू द्यावी, मग कडी काढून सांध्याकडचा भाग जवसाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवावा. खोबरेल चालणार नाही, कारण ते वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडातच घट्ट होते. (तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.)

आकाराबाबत सांगायचे तर १२ क्रमांकाचा, म्हणजे १२ सेंटिमीटर पात्याचा चाकू मी मुक्कामाच्या ट्रेकसाठी सुचवला होता, कारण त्याचे लांब, पातळ पाते दहा जणांची भाजी आणि कलिंगड सहज कापते. लाकूड फोडायला तो नव्हेच. घाव थेट पाते जिच्यावर फिरते त्या खिळीवर बसतो. खिशाला त्याहून लहान ८ क्रमांक पुरेसा आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांसाठी असलेली शस्त्र कायद्याची मर्यादा यांपैकी कोणताच चाकू ओलांडत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाल्यास लहान चाकूही त्याच्या कक्षेत येऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत तो घरीच ठेवावा.