चार्ल्सची बाजू कोण घेतंय?

एवढं सविस्तर लिहिलंत, तर दोन ओळींत उत्तर उरकणं बरं नाही. तुमचा आक्षेप असा की ‘द रेचेल पेपर्स’ या कादंबरीचा नायक चार्ल्स मुलीला सावज समजतो, तिचा ब्रिटिश लेखक मार्टिन एमिस हसत हसत त्याला पाठीशी घालतो आणि मीही ‘विडंबन आहे’ म्हणून सोडून दिलं.

चार्ल्स हायवे किळसवाणा आहे, यावर वादच नाही. रेचेलला पटवायचं म्हणून हा पठ्ठ्या टिपणं काढतो, फायली ठेवतो, ती येण्याआधी खोलीत कुठली पुस्तकं सहज पडल्यासारखी दिसावीत याची मांडामांड करतो. पण लेखक त्याच्या बाजूने असता, तर ऑक्सफर्डच्या मुलाखतीचा प्रसंग लिहिलाच नसता. प्रवेशपरीक्षेत चार्ल्सने उसनी, एकमेकांना छेद देणारी मतं ठोकून दिलेली असतात. प्राध्यापक ती एकेक करून त्याच्यासमोर ठेवतो आणि साहित्याला स्वतःच्या सोयीसाठी असं राबवायचं नसतं, म्हणून सुनावतो. इथे ‘साहित्य’ काढून ‘रेचेल’ घाला, म्हणजे लेखक कुठे उभा आहे ते कळेल. तरीही प्रवेश मिळतोच! आणि हा शहाणा रेचेलला कटवतो तेही पत्र लिहून. त्याला वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आदल्या संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत, घड्याळाच्या वेळांनुसार प्रकरणं सरकतात. या मुलाचं मोठं होणं म्हणजे फक्त घड्याळात बारा वाजणं.

‘बापाच्या नावावर छापलं गेलं’ हा टोमणा जुनाच. नामवंत कादंबरीकार किंग्जली एमिसचा मुलगा म्हणून कुठल्याही प्रकाशकाने कुतूहलापोटी पहिली कादंबरी छापलीच असती, असं मार्टिन स्वतःच सांगायचा. पण १९७३च्या या पुस्तकातली वाक्यं एका अमेरिकन लेखकाने आपल्या पहिल्या कादंबरीत उचलली, आणि १९८० साली त्यावरून गाजावाजा झाला. आडनावासाठी कुणी वाक्यं चोरत नाही.

राहता राहिली रेचेल. ती आपल्याला त्याच्याच नजरेतून दिसते, ही तुमची तक्रार रास्त आहे. मात्र ती नजर कुठे अडखळते तेही पाहा. स्वतःच्या मुरुमांवर आणि बेडक्यांवर पानंच्या पानं खर्चणारा हा मुलगा, रेचेललाही पुळी येते हे दिसताच थंड पडतो. तिथे मला हसू आलं नाही, चार्ल्सचीच शिसारी आली. एमिसला तेच हवं होतं, असं माझं मत अजूनही आहे.