‘आता खोदायची गरजच नाही’ हा मेसेज चुकीचा आहे, का ते सांगते

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर भाऊजींनी एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाचीला उद्देशून लिहिलं, "वाच आणि विचार कर". भाचीनं डेक्कन कॉलेजला आर्किऑलॉजीला ॲडमिशन घेतलीय म्हणून. मग तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर दिसला, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, म्हणजे अख्ख्या पुण्यात फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं की २०२४ या एका वर्षानं दाखवून दिलं, उत्खननाचे दिवस संपले, एआय आणि विमानातला लेझर बसल्या जागी शहरं शोधून देतात, मोठं जे सापडायचं ते सापडून झालंय, तेव्हा माती उकरण्यात पैसा आणि पोरांची वर्षं घालवू नका. मी हाच विषय शिकलेय, दोन सीझन फील्डवर काढलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

त्यातलं पहिलं उदाहरण पेरूमधल्या नाझ्काचं. तिथल्या वाळवंटात वरचे काळे दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी करून काढलेली प्रचंड चित्रं आहेत. मेसेज म्हणतो, माणसांना शंभर वर्षांत ४३० सापडली आणि एआयनं सहा महिन्यांत नवी ३०३ शोधली. आकडे बरोबर आहेत, अर्थ उलटा लावलाय. ते सहा महिने म्हणजे जपानच्या यामागाता विद्यापीठाची टीम त्या वाळवंटात प्रत्यक्ष फिरत होती ते महिने, सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३. एआयनं विमानातून घेतलेल्या फोटोंमध्ये "इथं काहीतरी असेल" अशा जागांचा ढीग दिला, तो माणसांनी एकेक फोटो डोळ्याखालून घालून १,३०९ पर्यंत आणला आणि मग पायी जाऊन खात्री केली. आणि ३०३ पैकी एआयनं नेमकं बोट ठेवलेली १७८, त्यांच्याच आसपास घोळक्यात असलेली ६६, आणि उरलेली ५९ मशीननं सुचवलेलीच नव्हती, ती फिरताना माणसांना दिसली. ५९ म्हणजे जवळजवळ पाचातलं एक. मशीनमुळे वेग प्रचंड वाढला हे मी शंभर टक्के मान्य करते पण "माणसाचं काम संपलं" हे यातून कुठून आलं?

दुसरं, मेक्सिकोच्या जंगलातलं माया लोकांचं शहर, व्हॅलेरियाना नाव दिलंय त्याला. हे खरंच बसल्या जागी सापडलं. ल्यूक ऑल्ड-थॉमस नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला गूगल सर्चच्या सोळाव्या वगैरे पानावर विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीचा चढउतार मोजणारा एक जुना सर्व्हे मिळाला, २०१३ मध्ये जंगलातला कार्बन मोजायला केलेला, आर्किऑलॉजीशी संबंधच नाही त्याचा. त्यात साडेसहा हजारांच्या वर बांधकामं दिसली, पिरॅमिड, चेंडूच्या खेळाचं मैदान, पाण्याचा तलाव. मलाही वाचताना अंगावर काटा आला होता. पण तो शोध जाहीर झाला तेव्हा तिथं एकाही आर्किऑलॉजिस्टनं पाऊल ठेवलेलं नव्हतं. लेझर उंचवटे दाखवतो, बास. त्या घरात चूल कुठं होती, लोक काय खात होते, वस्ती का उठली, हे उंचवट्यावरून कळत नाही.

याच्या शेजारी त्याच वर्षीचं इक्वाडोरचं उपानो खोरं ठेवून बघा. ॲमेझॉनच्या जंगलात ६,००० च्या वर मातीचे चौथरे आणि सरळ रेषेत जाणारे रस्ते, सुमारे २,५०० वर्षांपूर्वीचे, जानेवारी २०२४ ला जाहीर झालं. इथंही लेझर होता. फरक एवढाच की स्टीफन रोस्टॅन आणि त्यांचे सहकारी तिथं वीस वर्षांहून आधीपासून खोदत होते, त्यामुळे नकाशा हातात आला तेव्हा त्यांच्याकडे काळ सांगायला कोळसा होता, भांडी होती, घरांतल्या चोपलेल्या जमिनी होत्या. म्हणून ते "२,५०० वर्षं" असं म्हणू शकले.

आता आपल्या घराजवळचं सांगते, कारण मुद्दा इथंच नीट कळतो. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती एकत्र होऊन ती करडी पांढरट होते. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगावला अशीच जागा आहे, डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदलं, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या लोकांनी. तिथं पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला माणूस पुरलेला होता. घर वस्तीच्या मधोमध, शेजारी धान्याचं कोठार, म्हणजे बहुतेक गावातला मोठा माणूस. गहू, जव, तांदूळ, डाळी, तीळ मिळाले, आणि बोरं, आवळे, जांभळंसुद्धा. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठी लोक जांभळं खात होते हे कुठल्या विमानातून दिसणार होतं मला सांगा.

हे दाणे कसे मिळतात ते मी हातानं केलंय. थराथरातली माती वेगवेगळ्या बादलीत घ्यायची, प्रत्येक बादलीला चिठ्ठी, मग हळूहळू पाण्यात सोडायची आणि ढवळायची, दगड खापर खाली बसतात आणि जळून कोळसा झालेलं धान्य वर तरंगतं, ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलं तर तडकतं. दिवसभर नुसती मुळं आणि गोगलगाईचे शंख. मग एका संध्याकाळी माझ्या चाळणीत कुळथाचा एक जळका दाणा आला, काळा, एका बाजूनं चपटा, आणि आमच्या सरांनी तो ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून डबीत ठेवला आणि डबीवर थराचा नंबर लिहिला. तो नंबर नसता तर तो नुसता एक जुना दाणा होता. नंबर आहे म्हणून तो कुठल्या चुलीचा, कुठल्या पिढीचा हे सांगता येतं.

"मोठं सगळं सापडून झालंय" याला तर २०२४ मध्येच इजिप्तमधून उत्तर आलं. अल अश्मुनेन इथं १९३० मध्ये गुंथर रोडर या जर्मन संशोधकाला दुसऱ्या रामसेसच्या बसलेल्या पुतळ्याचा खालचा भाग मिळाला होता. वरचा भाग, जवळपास ३.८ मीटरचा, चेहरा आणि मुकुटासकट, २०२४ ला निघाला, इजिप्त आणि अमेरिकेच्या टीमला, खोदताना. चौऱ्याण्णव वर्षं अर्धा राजा वर आणि अर्धा मातीत, आणि जागा ज्ञात असलेली! नवीन जागा सोडाच, माहीत असलेल्या जागासुद्धा अजून संपलेल्या नाहीत.

मेसेजमधलं अजून एक, "जळलेली पुस्तकंसुद्धा आता एआय वाचतं". हो, इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत कोळसा झालेल्या गुंडाळ्यांपैकी एकीचा काही भाग न उलगडता वाचला गेला, फेब्रुवारी २०२४ ला तीन तरुण पोरांना त्याचं ७ लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, ग्रीकची २,००० च्या वर अक्षरं. पण शाई कशी ओळखायची हे मशीनला आधी कोणी सांगितलं? केसी हँडमर नावाचा माणूस स्कॅनचे फोटो तासन्‌तास बघत बसला आणि त्याला तडा गेल्यासारखी एक खूण दिसली, त्यावरून पुढे मॉडेल शिकवलं गेलं. आणि गुंडाळ्या मुळात १७५० च्या दशकात बोगदे खणून बाहेर काढलेल्या.

त्याच ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या जवळच्याच पॉम्पेई शहरात त्याच वर्षी डीएनएनं उलगडा केला की सोन्याचं कडं घातलेली आणि मांडीवर मूल घेतलेली जी "आई" सगळे मानत होते तो पुरुष होता आणि मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. इथं मशीननं माणसाची चूक दुरुस्त केली, मला त्याचा आनंदच आहे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळातल्या वेदीच्या दगडाचंही तसंच, तो ७५० किलोमीटरवरून स्कॉटलंडहून आलाय हे लॅबमध्ये कळलं, तुकडे कोणीतरी जपून ठेवले होते म्हणून. लॅब वाईट असं मी कुठंच म्हणत नाहीये.

आणि पैशाचं म्हणाल तर घाई खोदण्याची आहे, वाट बघण्याची नाही. पांढरीची माती शेतकरी खत म्हणून उचलून शेतात टाकतात, पूर्वी बैलगाडीनं न्यायचे, आता जेसीबी लागतो. एका गावात मी अर्ध टेकाड कापलेलं बघितलंय, भिंतीसारख्या उभ्या कापात राखेची रेघ, चोपलेली जमीन, परत राख, आणि मधेच जोर्वे पद्धतीच्या, म्हणजे इनामगावच्याच काळातल्या, भांड्याचं लाल खापर, वर काळी नक्षी, तोटी तुटलेली. बाकी अर्ध्या भागात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही, कितीही चांगला लेझर आणा.

भाची या डिसेंबरात पहिल्यांदा फील्डवर जातेय. भाऊजी, तिला चांगले बूट आणि मोठ्या काठाची टोपी घेऊन द्या, आणि जमलं तर एक रविवार माझ्याबरोबर तिथं चला. तुमच्या हातातही एक बादली माती देतील, चाळणी मी धरते.