टाइल्स खुशाल बदला, कमोड हलवण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन या

नमस्कार.

बाथरूमच्या दुरुस्तीबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. म्हणणं थोडक्यात असं: रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर तुमचा ब्लॉक आहे. संडास आणि बाथरूम वेगवेगळे आहेत, ते मधली भिंत पाडून एक करायचे आणि कमोड पलीकडच्या टोकाला न्यायचा. इमारतीत सोसायटी नाही, ‘अपार्टमेंट’ आहे, म्हणजे जो तो आपापल्या ब्लॉकचा मालक, मग परवानगी मागायची कुणाकडे? नियम मुंबई-पुण्याचे, इथे कोण बघायला येतंय? आणि माझ्यासारखी माणसं लोकांना उगाच घाबरवून खर्च वाढवतात.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. टाइल्स, नळ, गिलावा, रंग किंवा आहे त्याच जागी नवा कमोड, यासाठी नगरपरिषदेत खेटे घालायची गरज नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यातच घराच्या आतल्या आत केलेल्या दुरुस्ती-सुधारणेला परवानगीतून सूट आहे. पण तुम्ही तर पाण्याची जागाच बदलताय, आणि तिथून पुढे हा मामला एकट्या तुमचा राहत नाही.

तुमचा कमोड जिथे जाणार, त्याच्या खाली काय आहे? तुम्हीच लिहिलंय, खालच्यांचं स्वयंपाकघर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) यावर सरळ तरतूद आहे: संडासाच्या वर किंवा खाली दुसरा संडास, मोरी, बाथरूम किंवा गच्ची असावी, दुसरी खोली असेल तर तळ पूर्ण जलरोधक हवा. जुन्या जागी स्लॅब खाली सोडून त्यात भर घातलेली असते, पाइप त्या पोटात बसतात. नव्या जागी स्लॅब सपाट आहे. पाइपला उतार द्यायचा तर लादी वर उचलावी लागणार, म्हणजे उंबऱ्याशी पायरी येणार आणि साचलेलं पाणी हॉलकडे धावणार. नाहीतर गवंडी ब्रेकर लावून स्लॅबच खोदणार.

हे दुसरं मला जास्त भिववतं. आपल्याकडे हवा खारी, पावसाळा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा, आणि कित्येक जुन्या इमारतींत खाडीची रेती वापरलेली. काँक्रीटचं आवरण हेच सळीचं कवच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारपट्टीच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर आवरण सांगितलंय; जुन्या स्लॅबला याच्या निम्मंही क्वचित सापडतं. त्यातलं ब्रेकरने उडवलं की सळीपर्यंत ओल पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. खालच्या घरात आधी पिवळट डाग दिसतो, कडेने पांढरा खार. मग रंगाचे पोपडे. मग एके दिवशी ओट्यावर मूठभर तुकडे, आणि वर बघितलं तर तांबडी सळी उघडी. तोवर तुमच्या टाइल्स मात्र नव्यासारख्या चकचकीत असतात.

आता परवानगी. सोसायटी असती तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, समितीची लेखी संमती लागली असती. ‘अपार्टमेंट’ म्हणजे मोकळीक असं तुम्ही धरलंय, पण तिथे नियम उलट कडक आहे. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याच्या कलम ८ नुसार इमारतीच्या भक्कमपणाला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल असं काम करायचं तर बाकीच्या सगळ्या मालकांची एकमताने संमती लागते. आणि नियम मुंबई-पुण्याचे नाहीत हो. बांधकामांसाठीची २०२० ची एकत्रीकृत नियमावली मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून सगळ्या राज्याला लागू आहे, रत्नागिरी त्यात आली.

मधल्या भिंतीचं म्हणाल तर गवंड्याच्या ‘ही नुसती आडभिंत आहे’ यावर जाऊ नका. कॉलम-बीमची इमारत आणि चार इंची वीट असेल तर बहुधा तो खरं बोलतोय. पण जुनी, चिऱ्याची, भिंतींवर उभी इमारत असेल तर तीच भिंत वरचा भार पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून दाखवा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या भूकंपाने आपला जिल्हाही हलला होता. इथे भिंत पाडायचा निर्णय अंदाजाने घेऊ नये.

खिडकी. फॉल्स सीलिंगसाठी व्हेंटिलेटर झाकायचा विचार आहे, असं शेवटी ओझरतं लिहिलंयत. तो कृपा करून सोडाच. संहिता बाहेरच्या हवेत उघडणारी किमान ०.३७ चौरस मीटर जागा मागते. पावसात वीज जाते म्हणून इथे घरोघर गॅस गिझर आहेत. बंद बाथरूममध्ये त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आत अंघोळ करणाऱ्याला काही कळत नाही. गिझर बाल्कनीत, व्हेंटिलेटर उघडा. विजेचा गिझर असेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

खर्चाची तुमची चिंता खरी आहे, म्हणून स्वस्त मार्ग सांगतो. भिंत पाडता येत असेल तर पाडा, दोन्ही एक करा, फक्त कमोड आहे तिथेच ठेवा. वॉश बेसिन हलवा, त्याची बारीक लाइन भिंतीतून नेता येते. वाचलेले पैसे वॉटरप्रूफिंगवर घाला. काम दिवाळीनंतर काढा. टाइल्स बसवण्याआधी तळात पाणी भरून किमान चोवीस तास तसंच ठेवा आणि खालच्यांना सांगून त्यांचं छत स्वतः जाऊन बघा. ओल दिसली, तर गवंड्याचे पैसे तिथेच थांबवा आणि कोबा परत करून घ्या.