दोघांची कामे एका रांगेत कशी लावायची?

काल ईएमटीची, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाची, संगणकावरची परीक्षा देऊन आले आणि माऊसने ओढून क्रम लावायच्या त्या प्रश्नांचा संताप अजून उतरलेला नाही. गोपनीयतेच्या करारावर सही केली असल्यामुळे नेमका प्रश्न सांगता येत नाही, म्हणून त्याच जातीचा एक माझ्या मनाने रचून सांगते. माणूस कोसळला आहे, श्वास नाही, नाडी लागत नाही. छाती दाबणे, एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड चिकटवणे, बॅग-मास्कने (तोंडावर मुखवटा धरून हाताने पिशवी दाबत) श्वास देणे आणि जादा मदत मागवणे, ही कामे माऊसने ओढून एकाखाली एक लावा. एकाखाली एक का म्हणून? न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंसेवी पथकात शिकाऊ म्हणून जाते तेव्हा मी गुडघे टेकून मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने छाती दाबत असते, आणि त्याच वेळी माझा जोडीदार पॅड चिकटवत रेडिओवर मदतही मागत असतो. यातले पहिले काम कोणते आणि दुसरे कोणते, हे तिथे उभा असलेला कोणीही सांगू शकणार नाही.

त्यात मी ओढलेली चौकट भलत्याच जागी जाऊन बसली, ती उचलताना खालच्या दोन्ही वर सरकल्या, आणि हे सावरण्यात दोन तासांतली जी मिनिटे गेली ती मला कोण भरून देणार? एकदा उत्तर नक्की केले की मागे फिरता येत नाही. परीक्षा 70 प्रश्नांवर थांबेल की 120 पर्यंत नेईल, हे संगणक आपल्या उत्तरांवरून ठरवतो, तेही आपल्या हातात नाही. शिवाय काही प्रश्न गुणांत न धरता केवळ अजमावून पाहण्यासाठी घातलेले असतात आणि ते कोणते हे कळत नाही. म्हणजे शुल्क मी भरायचे आणि त्यांच्या प्रश्नांची चाचणीही मीच करून द्यायची!

पाठांतर नको, विचार तपासा, हे मला मनापासून मान्य आहे. पाच पर्यायांतून दोन निवडा, या प्रश्नप्रकाराबद्दल माझी तक्रारही नाही. पण मग वर्गात शेवटच्या दिवसापर्यंत चार पर्याय आणि एक उत्तर एवढाच सराव का करून घेतला? तिथे निदान प्रशिक्षक शेजारी उभे राहून आमचे हात पाहत होते. ईएमटीच्या वरच्या पायरीवरच्या पॅरामेडिकांची राष्ट्रीय प्रात्यक्षिक परीक्षा तर 2024 च्या मध्यापासून बंदच झाली, आणि त्यांचीही निर्णयक्षमता आता पडद्यावरच जोखली जाते.

अनुत्तीर्ण झाले तर 15 दिवस थांबून पुन्हा 104 डॉलर भरायचे. कोणत्या विभागात कमी पडले एवढे कळेल, पण कोणता क्रम चुकला हे कोणीही सांगणार नाही. शनिवारी रात्री माझी पाळी आहे, आणि चूक खरोखरच माझी असेल तर ती मला त्याआधी कळायला हवी आहे.